अम्मांना झालेला दंड

आमच्या मराठी मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे आणि ती रिकामी आहे, हा शोध दरवर्षी वार्षिक सभेत नव्याने लागतो. मग कुणी म्हणतं वाचनालय काढू, कुणी म्हणतं योगासनांचे वर्ग घेऊ, तेवढ्यात कॉफी येते आणि खोली पुन्हा वर्षभर रिकामी राहते. त्या वर्षी कॉफीला उशीर झाला आणि मी बोलून बसले. म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचा वर्ग काढू, अगदी नवशिक्यांसाठी, तीन महिन्यांचा, मी शिकवते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन चेन्नईत वेस्ट मांबलमला आले, ती तंजावरच्या मराठी घरात. यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेले तेव्हाची मराठी यांनी जपून ठेवली आणि वरून तमिळची फोडणी दिली. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, बरं झालं, परक्या गावात निदान भाषा तरी आपली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला काहीतरी प्रेमाने विचारलं आणि मी नुसती मान हलवली. त्या होकाराचा परिणाम म्हणून मला चार डोसे खावे लागले. आता माझी मराठीसुद्धा धड सोलापूरची राहिली नाही आणि धड तंजावरची झाली नाही, पण भांडण्यापुरती दोन्हींकडची येते.

भांडण मला जवळचं. अण्णा नगरातल्या एका दुकानात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले. मग मालकाच्या डोक्यात आलं की दुरुस्तीत काही राम नाही. गिऱ्हाईक आलं की मशीन जुनं झालंय म्हणून सांगायचं आणि नवं गळ्यात मारायचं. एका बाईचं मशीन नुसतं आतली धूळ झाडून सुरू होणार होतं, तिलाही नवं घ्यायला सांग म्हणाले. मी त्या बाईंसमोरच धूळ झाडली, मशीन सुरू करून दिलं आणि संध्याकाळी नोकरी सोडली. घरी येऊन दोन दिवस चिडचिड केली आणि तिसऱ्या दिवशी ती वार्षिक सभा आली.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यात ऑफिसची पेन्सिलसुद्धा त्यांनी घरी आणली नाही. स्वतःची पेन्सिल आणि स्वतःचा खोडरबर शर्टाच्या खिशात घेऊन ते ऑफिसला जायचे आणि अजूनही ते दोन्ही त्यांच्या खिशात असतात. तो खोडरबर कुणी मागितलेला त्यांना आवडत नाही. माझा मुलगा लहानपणी मागायचा तेव्हा ते म्हणायचे, आधी चूक दाखव.

मंडळात अप्पांचे नियम चालतात. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध नियम असा की मंडळाची वस्तू ज्याने बिघडवली त्यानेच ती दुरुस्त करून द्यायची. माणूस लावून नव्हे, पैसे देऊन नव्हे, स्वतःच्या हाताने. एका रामनवमीला हृदयरोगाचे एक मोठे डॉक्टर मंडळाच्या घडीच्या खुर्चीवर बसले आणि खुर्ची बसली. अप्पांनी त्यांना हातोडी आणून दिली. डॉक्टरांनी कीर्तन संपेपर्यंत मागे बसून खिळे ठोकले. ती खुर्ची अजून आहे, डावीकडे कलते, आणि नव्या सभासदाला मुद्दाम तिच्यावर बसवलं जातं.

वर्गाची कल्पना अप्पांना आवडली, कारण तिच्यात काही खर्च दिसत नव्हता. जॉर्ज टाउनमध्ये घाऊक कागदाचा व्यापार करणारे आमचे एक सभासद आहेत. त्यांनी गोदामातले चार जुने कॉम्प्युटर देऊ केले. मी ते झाडून, जुळवून चालू केले. आता फक्त वर्गाची आखणी करायची होती. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एक दिवस रात्रीच्या जेवणात सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मा, भात वाढता वाढता म्हणाल्या, "मलाही शिकाला होणा."

होणा म्हणजे पाहिजे. अप्पांचा हात रसमच्या वाटीत तसाच राहिला.

अम्मांबद्दल सांगायलाच हवं. अम्मा वस्तू उघडतात. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, घरातली अशी एक वस्तू नाही जिचं पोट अम्मांनी पाहिलेलं नाही. त्यांनी उघडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या सुधारल्या आणि निम्म्या बिघडल्या. पण आपण काय केल्याने ती सुधारली आणि काय केल्याने ती बिघडली, हे त्यांना दोन्ही वेळा कळत नाही. ओलं दळायचा आमचा ग्राइंडर त्यांनी एकदा असा जोडला की तो उलटा फिरायला लागला. पीठ चांगलं निघायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

मुलगी असताना तंजावरला त्यांच्या शाळेजवळ रेडिओ दुरुस्तीचा वर्ग निघाला होता. त्यांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, लग्नानंतर नवऱ्याला विचार. लग्नानंतर नवऱ्याला विचारलं तर नवरा म्हणाला, आता रेडिओ कोण ऐकतं. हे मला त्यांनी कधीतरी शेंगा निवडताना सांगितलं होतं, हसत हसत. त्या रात्री मात्र त्या हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उघडाला येते मला. कसाला चालते तें कोणी सांगट्लं नाहीं."

कसाला म्हणजे का, कशासाठी. अम्मांच्या तोंडी दिवसातून शंभरदा येणारा शब्द. मी म्हटलं, अम्मा, पहिली जागा तुमची.

अप्पांनी वाटी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं की हे जमणार नाही. शिकवणारी सून, शिकणारी बायको आणि अध्यक्ष आपण, म्हणजे लोक म्हणतील मंडळाच्या खोलीत यांनी घरचीच शिकवणी काढली. मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मला जास्तच राग आला. मी म्हटलं, अहो पण अजून एकही विद्यार्थी नाही, जागा अडवायला आधी कुणी यायला तरी हवं. तर म्हणाले, जागा रिकामी राहिली तरी चालेल, बोट दाखवायला जागा राहता कामा नये. आणि पुढच्याच बैठकीत त्यांनी वयाची अट मांडून मंजूर करून घेतली. अठरा ते पस्तीस.

त्या दिवसापासून अम्मांनी अप्पांशी अबोला धरला. स्वयंपाक नेहमीसारखाच, औषधाच्या गोळ्या वेळेवर, फक्त शब्द नाही. सगळा व्यवहार माझ्यामार्फत. त्यांना सांग, कॉफी ठेवलीय. तिला सांग, साखर कमी आहे. त्यांना सांग, वयाप्रमाणे आहे. तिघेही एकाच टेबलाशी बसलेले आणि मी मध्ये टेलिफोन एक्स्चेंज. माझा नवरा या काळात ऑफिसात फार उशिरापर्यंत थांबू लागला. मी त्याला म्हटलं, तुझे आईवडील आहेत, तू बोल. तो म्हणाला, वर्ग तुझा आहे.

आखणीच्या बैठका दर रविवारी व्हायच्या. मी, अप्पा आणि चिटणीस. चिटणीस म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, पहिले पंधरा दिवस फक्त शून्य आणि एक शिकवायचे. त्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात देणं म्हणजे पाया न घालता गच्ची बांधणं. मी म्हटलं, पंधरा दिवस शून्य शिकवलं तर सोळाव्या दिवशी वर्गातही तेवढेच उरतील. ते रुसले. अप्पांना पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हा विषय हवा होता, आणि तो शिकवायला मी योग्य नाही असं त्यांनी नम्रपणे सुचवलं. मग भाषेवर दोन रविवार गेले. वर्ग मराठीतच व्हावा, नाहीतर पोरं तमिळ आणि इंग्रजीतच बुडतील, यावर तिघांचं एकमत होतं. कुणाच्या मराठीत, यावर एकमत नव्हतं. शेवटी असं ठरलं की सूचना मराठीत द्यायच्या, मशीनच्या भागांची नावं बाजारात म्हणतात तीच ठेवायची, आणि विजेचा झटका बसल्यावर ज्याने त्याने आपापल्या भाषेत ओरडावं.

माझी आखणी सरळ होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक कॉम्प्युटर उघडायचा आणि बंद करायचा. भीती तिथंच मोडते. कुठला भाग काढायचा, कसा पुसायचा, कसा बसवायचा, हे पहिले दोन आठवडे. आणि तो का चालतो, का बंद पडतो, हे तिसऱ्या आठवड्यात, हाताला थोडी सवय झाल्यावर. चिटणीसांना हे तिसऱ्या आठवड्यापर्यंत ढकलणं पाप वाटत होतं. त्यांचा रुसवा काढायला मी त्यांची एक सूचना मान्य केली, ती प्रवेशपरीक्षेची. उद्घाटनाच्या दिवशीच परीक्षा घ्यायची. उमेदवाराने कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची पेटी, उघडायचं, आतली मेमरीची पट्टी काढायची, परत बसवायची, झाकण लावायचं आणि एकही स्क्रू उरवायचा नाही. एवढं ज्याला जमेल तो वर्गात. अप्पांना ही परीक्षा फार आवडली. मोजता येते, म्हणाले.

ही परीक्षा कशी समजावून सांगायची याचा सराव मी घरी केला. दुपारी आमचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर मांडायचा आणि रिकाम्या खुर्च्यांना शिकवायचं. अम्मा समोर शेंगा निवडत बसायच्या. आपल्याला प्रवेश नाही हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्या कॉम्प्युटरकडे बघत नसत, शेंगांकडे बघत. मी खुर्च्यांना सांगत होते, आधी वायर काढा. मग मागचे दोन स्क्रू. मग झाकण मागे सरकवा. ही लांब पट्टी म्हणजे मेमरी, दोन्हीकडच्या कळा दाबल्या की ती वर येते. खालचे हे सोनेरी दात आहेत ना, सगळा संबंध त्यांच्यातून.

एकदा अम्मांनी शेंगांकडे बघतच विचारलं की आठवण ठेवते ती हीच का. मी म्हटलं, हो, हीच. काम चालू असताना सगळं हिच्यात. त्यांनी मान हलवली आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या. मला वाईट वाटलं. दुसऱ्याचं लग्न खिडकीतून बघावं तसं चाललं होतं त्यांचं. रात्री मी अप्पांकडे पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "रूल म्हणजे रूल. तिलाही माहीत आहे." मी ताट आपटलं. ते स्टीलचं होतं, त्यामुळे आवाज झाला, बाकी काही झालं नाही.

उद्घाटन विजयादशमीला ठरलं. इथं विद्येचा आरंभ त्याच दिवशी करतात, लहान मुलांना शाळेत घालायचं तेही त्याच दिवशी. त्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. आमच्याकडे सोलापूरला खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण इथली रीत जास्त कडक. पुस्तकं, अवजारं, यंत्रं, सगळं देवीपुढे मांडायचं, गंध-कुंकू लावायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी अभ्यास टाळायला मिळतो म्हणून सगळी मुलं भाविक होतात.

तोपर्यंत उमेदवार मिळाले होते मोजके. बी.कॉम.चा निकाल लागेपर्यंत वेळ घालवणारी एक मुलगी, विमा विकणारा एक तरुण, आणि दोघं चुलतभाऊ, ज्यांना त्यांच्या आयांनी घराबाहेर काढायचं म्हणून पाठवलं होतं. बाकीच्या पोरांचं म्हणणं, दुरुस्ती कशाला शिकायची, कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवा. मी म्हटलं, आधी नैसर्गिक वापरून बघा. त्यांच्या आया रागावल्या.

पूजेच्या दिवशी सकाळी अप्पांनी माझ्यामार्फत निरोप दिला. तिला सांग, मंडळाच्या खोलीतली यंत्रांची पूजा तिनं करायची. हा त्यांचा तह होता. आयुष्यभर माफी मागण्याची त्यांची पद्धत हीच, मान देऊन मोकळं व्हायचं. अम्मांनी गंध उगाळता उगाळता उत्तर दिलं. त्यांना सांग, करते. पण पूजा चालू असताना वर कुणी यायचं नाही. अप्पांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतः जिन्याशी खुर्ची टाकून पहारा केला. खुर्ची डॉक्टरांचीच होती, त्यामुळे ते डावीकडे कलून बसले होते.

मी तेव्हा मांबलम स्टेशनजवळ फलक छापून आणायला गेले होते. फलकावर अप्पांचा फोटो कॉम्प्युटरपेक्षा मोठा आला होता, त्यावरून छपाईवाल्याशी वाद घालण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा पूजा उरकली होती. दाराला केळीचे खुंट, टेबलावर चारही कॉम्प्युटर ओळीने, प्रत्येकाच्या कपाळी गंध आणि कुंकवाचा टिळा, शेजारी माझे स्क्रू-ड्रायव्हर, त्यांनाही टिळे, पुढे चुरमुरे आणि चण्याची उसळ. अम्मा एकदम प्रसन्न. इतक्या दिवसांत त्यांना इतकं प्रसन्न मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मानाने माणूस निवतो ते खरंच.

मी सवयीने म्हटलं, उद्याचा घोटाळा नको, एकदा चारही चालू करून बघते. अप्पा आणि चिटणीस एकदम माझ्यापुढे हात पसरून उभे राहिले. पुजलेल्या वस्तूला उद्यापर्यंत हात नाही. मी म्हटलं, काल चालत होते. तेच म्हणतो, अप्पा म्हणाले, काल चालत होते तर आज काय होणार आहे त्यांना. मला पटलं.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. कागदाचे व्यापारी प्रमुख पाहुणे म्हणून जरीचं उपरणं घेऊन आले. पुन्हा पूजा झाली, दिवा लागला. अप्पा बोलले, चिटणीस बोलले. चिटणीसांनी शून्य आणि एक यांचा उल्लेख केला आणि माझ्याकडे पाहिलं. अम्मा बायकांमध्ये मागे बसल्या होत्या, मांडीवर प्रसादाचा डबा. मग पाहुण्यांनी पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. मशीनमधून लांब आवाज आला. बीप. थांबला, परत बीप. पाहुण्यांना वाटलं हे यंत्राचं स्वागतगीत असावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मग त्यांनी उत्साहाने दुसरं बटण दाबलं, तिसरं, चौथं. चारही मशीनं आळीपाळीने ओरडायला लागली आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. मी एकटीच घामाघूम. त्या मशीनांचं तसं ओरडणं म्हणजे मेमरीचा संबंध तुटलाय हे मला माहीत होतं. एकाचा तुटला तर समजू शकते, चौघांचा एकाच रात्री कसा तुटेल.

मी सगळ्यांच्या वायरी काढल्या आणि पहिल्या मशीनचं झाकण सगळ्यांसमोर उघडलं. आतून चंदनाचा वास आला. पंख्यावर हळदीच्या अक्षता होत्या. मदरबोर्डावर एक जाईचं फूल होतं. आणि मेमरीची पट्टी काढली तर तिच्या सोनेरी दातांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गंधाचा लेप दिलेला, आणि दर दोन बोटांवर कुंकवाचा ठिपका. दुसरं उघडलं, तिसरं, चौथं. सगळीकडे तेच, आणि सगळीकडे फार सुबक.

अप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दोन्ही चुलतभावांकडे रोखून पाहिलं आणि हा वात्रटपणा कुणाचा म्हणून विचारलं. पोरं उठून पळायच्या बेतात होती. तेवढ्यात मागून डबा खाली ठेवल्याचा आवाज आला आणि अम्मा उभ्या राहिल्या.

"तें मीं केलं," त्या म्हणाल्या. "अस्क मींच उघडलं."

अस्क म्हणजे सगळं. किती तरी दिवसांनी त्या अप्पांकडे बघून बोलत होत्या, आणि पहिलंच वाक्य हे. अप्पांनी कसंबसं विचारलं की टिळा तर बाहेरही लावलाय, आत लावायचं काय कारण.

"डब्याला गंध लावून काय होते?" अम्मा म्हणाल्या. "सरस्वती डब्यावर बसते का? जें आठवण ठेवते, तिथं बसते. तुमची सूनच सांगट्ली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवलेलं इतकं मनावर घेणारा विद्यार्थी मला जन्मात भेटला नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे अम्मा दिसत होत्या, बंद खोलीत, एकट्या, आधी वायर काढणाऱ्या, मागचे दोन स्क्रू काढून तबकात ठेवणाऱ्या, कळा दाबून पट्टी वर घेणाऱ्या. आणि आपल्याला या खोलीत यायला मिळणार ते एवढंच, एकदाच, असं समजून प्रत्येक दाताला गंध लावणाऱ्या.

मी उठून म्हटलं की प्रवेशपरीक्षा झाली. कॅबिनेट उघडलं, मेमरी काढली, परत बसवली, झाकण लावलं. स्क्रू उरला का, अम्मा? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, चारदा झालं म्हणजे. चिटणीसांनी घसा साफ करून आठवण करून दिली की वयाची अट आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण मला त्या क्षणी त्यांना शून्याने गुणावंसं वाटलं.

अम्मा अप्पांकडे बघत उभ्या राहिल्या. अप्पा बराच वेळ त्या चार उघड्या मशीनांकडे बघत होते. हिशेबात फरक आला की ते असेच बघतात, फरक सापडेपर्यंत. मग त्यांनी अध्यक्षाचा आवाज काढला.

"मंडळाची वस्तु ज्यानं बिघडवलं, त्यानंच दुरुस्त करून द्याचं," ते म्हणाले. "आपल्या हातानं. येत नसलं तर शिकून द्याचं."

चिटणीस म्हणाले, पण वय. अप्पा त्यांच्याकडे वळले.

"वयाचा रूल प्रवेशाला आहे. हा प्रवेश नव्हे, दंड. तीन महिने."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी मीही वाजवल्या. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते नियमाला धरून बोलले होते, आणि घरच्या माणसाला सूट दिली असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं.

अम्मा पुढे आल्या. पदर खोचला. मी त्यांना एक कोरडं फडकं दिलं आणि खाचांत गेलेलं गंध झाडायला मऊ ब्रश. फडक्याने वरचा लेप निघाला, पण दातांवर पिवळट थर राहिला. मी म्हटलं, याला खोडरबर लागतो. साधा, पेन्सिलीचा. दातांवरून हलक्या हाताने फिरवायचा. आणि खोडरबर कुठून आणायचा म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले.

अम्मांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. त्यांनी अप्पांसमोर हात पसरला. माझ्यामार्फत निरोप नाही, काही नाही. अप्पांचा हात खिशाकडे गेला, थोडा थांबला. मग त्यांनी खोडरबर काढून अम्मांच्या तळहातावर ठेवला. चूक दाखव असं म्हणाले नाहीत. चूक समोरच होती, चार मशीनं भरून. एवढंच म्हणाले, "सावकाश."

अम्मांनी सावकाश घासलं. जीभ जरा दातांत धरून, शाळेतली मुलगी घासते तसं. सोनं वर आलं. पट्टी खाचेत बसवली, कळा बंद झाल्याचा आवाज आला. त्यांनी मागचे दोन स्क्रू लावले, वायर जोडली आणि बटण दाबलं. एकदाच छोटासा बीप झाला आणि पडद्यावर अक्षरं आली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बी.कॉम.वाली मुलगी उठून उभी राहिली. अप्पांनी चष्मा काढून पुसला, मग तोच पुन्हा पुसला. अम्मांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या खोडरबरकडे बघत होत्या, मग पडद्याकडे, मग परत खोडरबरकडे. मग पहिल्या रांगेतली खुर्ची ओढून त्या बसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"आतां सांग," त्या म्हणाल्या. "कसाला चाललं?"

माझ्या आखणीत हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात होता. मी फळा पुसला आणि खडू घेतला.